कॉलेजामागचं बिऱ्हाड

सुलाबाईनं नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर भाऊसो बोलून बसला होता.

"राहता कुठं?" एवढंच होस्टेलच्या रेक्टरबाईंनी विचारलं होतं. "ह्ये काय, तुमच्या कंपाउंडच्या मागं," म्हणाला हा बाबा, आणि तेही अगदी खुशीत! धनगराला कुठं राहता विचारलं की तो मेंढरं बसलेलं रानच सांगणार. यंदा गावाकडं, कवठे महांकाळला, पावसानं दडी मारलेली, म्हणून कळप अजून सांगलीच्याच शिवारात होता.

"अर्जावर गाव लांबचं, आणि राहता इथं मागं?" बाईंचा आवाज चढला. "होस्टेल लांबच्या मुलींसाठी आहे. एकच जागा उरलीय. बाहेर वडूजची मुलगी ट्रंक घेऊन बसलीय, तिला आत पाठवा."

लेकीचं, सोनियाचं तोंड पांढरंफटक पडलं. होस्टेल नाही तर कॉलेज नाही. कळपामागं हिंडत कोण बी.एस्सी. करतं? आणि आत्याकडचे तर पोरीला मागणी घालायला टपूनच बसले होते.

सुलाबाई लांडग्यावर काठी घेऊन धावलेली बाई, पण टेबलापुढं तिची दातखीळ बसायची. आज मात्र ती पुढं झाली.

"आवं बाई, शेतवाला खतासाठी दोन-चार राती मेंढरं बसवतो, मग उठा म्हणतो. त्येला घर म्हणायचं व्हय? चला, डोळ्यानं बघा."

"आणि घर दिसलं तर?"

"तर द्या जागा त्या पोरीला."

भाऊसोनं कपाळाला हात लावला. मागं पाल ठोकलेलं, चूल मांडलेली, कोंबड्यासुद्धा होत्या. बघणाऱ्याला घरच वाटणार की! बाई रागानंच उठल्या. भिंतीला वळसा घालेपर्यंत सुलाबाईचा जीव टांगणीला लागला होता. ती मनातल्या मनात बिरोबाचा धावा करत होती.

बघतात तर रान मोकळं. लेंड्या, चुलीचे तीन दगड आणि धुमसणारी राख. भाऊसोनं घाईघाईनं भावाला, मल्हारला फोन लावला. मेंढरं शेजारच्या उसात शिरली होती, शेतवाला खवळला, आणि मल्हारनं बिऱ्हाड उठवलं होतं.

"गेले कुठं सगळे?" बाईंनी विचारलं.

"अजून वाटंतच हायती. जागा घावंल तिथं बसतील," भाऊसो म्हणाला.

सुलाबाईला रडूच फुटलं. "सकाळी हितंच चा प्यालो वं, बाई!"

बाई राखेकडं बघत राहिल्या. मग परत फिरल्या आणि त्यांनी सोनियाच्या अर्जावर सही केली. बाहेर पडताना ट्रंकवाल्या पोरीकडं बघायचं सुलाबाईला धाडस झालं नाही.

खोलीत लोखंडी खाट होती. सोनिया खाटेच्या कडेला टेकली होती, घोंगड्यात बांधलेलं सामान मांडीवर तसंच. सुलाबाईनं गादीवरून हात फिरवला.

"हितनं कवा उठवत्यात गं?"

"तीन वर्सं न्हाई उठवत, आये."

सुलाबाई मटकन फरशीवर बसली. पदरानं डोळे पुसले, पोरीकडं बघितलं आणि म्हणाली, "मग गाठ सोड की गं."