खंडेनवमीला लावलेली शर्यत

माझी थोरली बहीण ललिता अकोल्यात एका कापूस सोसायटीच्या कचेरीत हिशेबाचं मशीन चालवायची. टेबलावर मावणारं, लोखंडी, उजवीकडे दांडा असलेलं. आकड्यांच्या खिट्ट्या सरकवायच्या, दांडा फिरवायचा, की वजन आणि भाव यांचा गुणाकार वरच्या खिडकीत दिसायचा. ताई मॅट्रिक झाली तेव्हा आमचे बाबा, बुधाजी, कापसाच्या जिनात हमाली करत. पुढे त्यांची पाठ गेली आणि सगळं घर ताईच्या पगारावर आलं, माझ्या कॉलेजच्या फीसकट. हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी कुणाला काही बोलले, तर ‘ही मैना फार तोंडाळ’ म्हणण्याआधी वाचणारा जरा थांबेल.

आणि बोलणार तर आहेच. गोष्ट त्रेसष्ट सालची. कापसाचा हंगाम तोंडावर आलेला, आणि नागपूरहून एक विक्रेता नवं मशीन घेऊन कचेरीत उतरला. सोबत ते चालवणारा त्याचा माणूस. या मशीनला दांडा होताच, पण खिट्ट्यांऐवजी बटणं होती. विक्रेता म्हणाला, जुन्यापेक्षा दुप्पट वेग, आणि चालवायला शिकलेला माणूसही नको, तुमचा कुठलाही कारकून फावल्या वेळात सगळे हिशेब उरकेल.

हे ऐकून बडेबाबूंचे, म्हणजे हेडक्लार्क शालिकरामचे, डोळे चमकले. ताईची जागा मोडायला तो वर्षभर निमित्तच शोधत होता. बाई, त्यात आमच्यातली, शेजारच्या टेबलावर बसते आणि आपल्याइतकंच शिकलेली आहे, हे त्याला पचत नव्हतं. तोंडावर कधी बोलला नाही. ताई माठापाशी गेली की त्याची तहान मात्र मरायची. त्यानं कमिटीपुढे ठेवलं की दोन्ही मशीनची शर्यत लावा. नवं खरोखर दुप्पट ठरलं तर ते घ्या आणि ऑपरेटरची जागा कमी करा. कमिटीनं मान डोलावली. एका घराची चूल अशी मान डोलावून विझवता येते!

शर्यतीला दिवस निवडला खंडेनवमीचा, कारण पूजेला सगळी कमिटी जमणारच होती. या दिवशी पोटापाण्याची हत्यारं पुजायची आपल्याकडे रीत आहे, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. काटा पुजला, टाईपरायटर पुजला, नव्या मशीनला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. ताईच्या मशीनला मात्र साधं फूलही नाही. आम्ही छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच हळदकुंकू सोडलं, आम्हाला त्याचं काय! पण ज्या मशीननं इतके हंगाम त्यांचे हिशेब केले, ते त्यांचं नव्हतं का?

मी तिथं नव्हते. जुन्या मशीनला तेल द्यायला शिलाई मशीन दुरुस्त करणारे अब्दुल रहीमचाचा आले होते, त्यांनी सांगितलं ते आणि ताईनं सांगितलं ते तंतोतंत जुळतं.

दोघांपुढे वजनभावाच्या सारख्याच चिठ्ठ्या ठेवल्या आणि शर्यत सुरू झाली. विक्रेत्याच्या माणसानं हार बाजूला सारून दांडा धरला. गठ्ठा संपवून तो मोकळा झाला, तेव्हा ताईच्या अर्ध्या चिठ्ठ्या शिल्लक होत्या. शालिकराम टाळ्या पिटायचाच बाकी होता. पण ताईनं एक गोष्ट टिपली होती. त्या माणसाची नजर चिठ्ठीवर पडायच्या आधीच बोटं बटणांवर पडत होती. चिठ्ठ्या आलेल्या विक्रेत्याच्याच पिशवीतून. सगळं पाठ!

ताई उभी राहिली आणि सोसायटीच्या अध्यक्षांना, देवराव पाटलांना म्हणाली, “पाटील, चिठ्ठ्या आपल्या काट्यावरच्या घ्या. आन जागा बदला. मी नव्यावर बसतो, हे भाऊ जुन्यावर बसतीन. मंग समजन, मशीन पयते का मानूस पयते.”

शालिकराम ताडकन मधे पडला. “आज नाही जमत. मशीन पूजेत आहे. पुजल्यावर हात लावाले चालत नाही. तुमच्यात पूजा राहिली नाही, तुमाले काय मालूम!”

“मालूम आहे ना. मंगानपासून हे भाऊ दांडा फिरवून राहिले, तवा पूजा कुठी गेलती?”

“त्यायची गोष्ट वेगळी.”

वेगळी! काय वेगळं होतं त्या माणसाच्या हातात, सहावं बोट? त्याच्या हातानं पूजा मोडली नाही आणि माझ्या बहिणीच्या हातानं मोडणार होती? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

देवराव पाटील शेतकरी माणूस. ताईचा कळवळा त्यांना आला असं मी म्हणणार नाही, पण विक्रेत्याकडून फसायची त्यांची तयारी नव्हती. ते म्हणाले, “बैल घेतानी आपण त्याले इकनाऱ्याच्या गाडीले जुंपून पाहत नाही, आपल्या गाडीले जुंपतो. बसू द्या तिले.”

ताई नव्या मशीनवर बसली. पहिल्या काही चिठ्ठ्यांना बोटं अडखळली, मग हात बसला. जुन्या मशीनवर विक्रेत्याच्या माणसाला घाम फुटला. दांडा पूर्ण वळसा घेऊन टक्‌ आवाज होईपर्यंत फिरवावा लागतो, तो अर्ध्यातच सोडी आणि आकडा चुके. ताईचा गठ्ठा संपला, तेव्हा तो कुठंतरी सुरुवातीलाच चाचपडत होता.

एवढ्यावर माझी बहीण म्हणू शकली असती की नवं मशीन भिकार आहे, पाठवा परत. जागा वाचली असती. पण तिला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “मशीन चांगली आहे. माह्या जुन्या मशीनपेक्षा जराशी जास्त पयते, पन दुप्पट नाही. आन शिकेल मानूस नसंन तर कोनतीच पयत नाही. घ्याची तर घ्या.”

देवरावांनी तिथल्या तिथं ठरवलं की मशीन घ्यायचं आणि ऑपरेटर ललिताच राहील. रहीमचाचा म्हणाले, “शाबास बेटी.” विक्रेता तर खूषच, त्याचा माल खपला.

तेवढ्यात शालिकराम आत गेला आणि तांब्या घेऊन आला. ताई खुर्चीवरून नुकतीच उठलेली. सगळ्यांच्या देखत त्यानं हारातलं एक फूल तोडलं, पाण्यात बुडवलं आणि तिनं हात लावला तिथं तिथं शिंपडू लागला. दांड्यावर, बटणांवर, खुर्चीवरसुद्धा. मघाशी विक्रेत्याच्या माणसामागून त्यानं थेंबभरही पाणी टाकलं नव्हतं. कमिटीतलं कोणी हललं नाही. बैलाची पारख सांगणारे पाटील खिडकीतून कापसाच्या गाड्या बघू लागले. त्या सगळ्यांचा मला आजही संताप येतो, आणि शालिकरामपेक्षा पाटलांचा जास्त येतो.

ताईचा आवाज चढला नाही, असं रहीमचाचा सांगतात. ती म्हणाली, “शालिकरामभाऊ, पानी नका टाकू, आतमंदी गंज चढते. आन परवापासून रोज मीच बसन याच्यावर. रोज शिंपडसान का?”