होडीच्या कारखान्यासाठी जागा पाहिजे

पुण्यात होड्या बनवणारा माणूस म्हटलं की लोक आधी हसतात. मीही हसतो. अठरा वर्षं मी फायबरच्या लहान होड्या बनवतोय आणि माझ्या शेडपासून सर्वांत जवळचं पाणी म्हणजे टँकर. होडी तरंगते की नाही, हे गिऱ्हाईकच पहिल्यांदा पाहतं. आता शेडच्या मालकाला तिथे इमारत उठवायची आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी मला बाडबिस्तरा हलवणं भाग आहे. तेव्हा मे महिन्यातल्या एका सकाळी, बायकोने दिलेले धपाटे आणि मोजायची लांब टेप घेऊन मी पाणी शोधायला निघालो.

चौफुल्याला सोलापूरचा रस्ता सोडून उजवीकडे वळलो. सुप्याच्या आसपास नुसता माळ. पिवळं गवत, खुरट्या बाभळी आणि माझ्याकडे टक लावून पाहणारी तीन चिंकारा हरणं. पाणी शोधायला निघालेला माणूस इकडे कुठे, असंच त्यांना वाटलं असणार. पण बारामतीत एका ओळखीच्या माणसाने तयार शेड दाखवायचं कबूल केलं होतं. शेड झकास होती. रस्ता, वीज, शेजारी चहाची टपरी.

"आणि पाणी?" मी विचारलं. त्याने कोपऱ्यातला नळ सोडून दाखवला.

भवानीनगरच्या रस्त्याला लागल्यावर मात्र रंग पालटला. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून गोठे, आणि हंगाम संपल्यामुळे झाडाखाली निवांत पडलेल्या रिकाम्या ट्रॉल्या. तिथून उत्तरेकडे वळलो. बराच वेळ गाडी हाकल्यावर एका चढावर आलो आणि समोर उजनीचा फुगवटा (धरणामागे पसरलेलं पाणी) उघडला. मी गाडीच थांबवली. एवढं पाणी इथे पडलंय आणि मी रोज टँकरवाल्याची मनधरणी करतोय! स्वतःचाच राग आला.

काठावरच्या गावाच्या सरपंच शोभाताई माझी वाट पाहत होत्या. गावातल्या कुणाच्या तरी होडीवर माझा नंबर रंगवलेला होता. तो वाचून, आमच्या गावात कारखाना काढा, असा त्यांनी आपणहून फोन केला होता. ग्रामपंचायतीतल्या खुर्चीवर नवा टॉवेल टाकलेला. बसतो न बसतो तोच हातात पोह्यांची बशी आली आणि मला घाम फुटला. लग्नाआधी मुली बघत फिरलो होतो, ते दिवस आठवले.

"तुमी चौथं स्थळ," शोभाताई हसत म्हणाल्या. "पयला बर्फाच्या कारखान्याचा. दुसरा मासं वाळवणारा. रिसॉर्टवाले तर दोनदा येऊन चिलापी (इथे जाळ्यात भरपूर मिळणारा मासा) खाऊन गेलं. समदी जाताना एकच बोलली, कळवतो."

"मग?"

"मग काय? अजून कळवत्यात." मग त्या एकदम गंभीर झाल्या. "साहेब, माझी लेक फिटर हाय. आयटीआय केलंय तिनं. हितं काम न्हाय, म्हनून आज पुन्याला खोली बघाया गेलीया. तुमी हितं आला तर ती घरी ऱ्हाईल. पसंत न्हाय पडली जागा तर सरळ न्हाय म्हना. पर कळवतो म्हनू नका."

मी मान हलवली. पोहे संपवायचा धीर होईना.

जागा दाखवायला त्यांचे सासरे, आबा, पुढे झाले. सत्तरी ओलांडलेले, पण चालताना मला धाप लागली, त्यांना नाही. जागा पाहिली आणि मी हरखलोच. काळी, सपाट, थेट पाण्याला भिडलेली. नुकताच कांदा निघालेला, मध्ये दगडांनी बांधलेली एक जुनी विहीर. होडी झाली की ढकलायची, की पाण्यात! मी टेप सोडली. दुसरं टोक आबांनी धरलं. शेड इकडे, फाटक तिकडे, साहेबांची केबिन पाण्याकडे तोंड करून. मनातल्या मनात मी केबिनला पडदेसुद्धा लावले.

तेवढ्यात एका वठलेल्या बाभळीकडे लक्ष गेलं. माझ्या डोक्याच्या बरंच वर, तिच्या फांदीला मासेमारीचं फाटकं जाळं लटकत होतं.

"आबा, जाळं एवढं उंच वाळत घालता?"

"वाळत न्हाय. अडाकलंय," आबा पुटपुटले आणि टेपकडे पाहू लागले.

"आबा, सांगा त्यास्नी," शोभाताई म्हणाल्या. आबा टेपशी चाळा करत राहिले. शेवटी शोभाताईंनीच सांगितलं. "साहेब, ही गाळपेराची जमीन (पाणी ओसरलं की उघडी पडणारी, तेवढ्यापुरती पेरायची). दिवाळीला हितं दोन पुरुस खोल पानी असतंय."

"पर रान माझं हाय!" आबा उसळले. "ती हीर माझ्या बानं खांदली. आन् पावनं होड्याच करनार न्हवं? मग पान्याला कशाला भ्यायचं?"

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

"आपलं व्हतं, आबा," शोभाताई हळू आवाजात म्हणाल्या. "आता धरनाचं हाय."

आबा विहिरीच्या काठावर बसले. मला फार वाईट वाटलं. थोडा रागही आला, कारण मी अक्षरशः बुडालो असतो. पण त्याहून जास्त नवल वाटलं ते शोभाताईंचं. गावातली सर्वांत देखणी जागा त्यांनी स्वतःच्या तोंडाने बाद केली होती, आणि लेक तिकडे खोल्या बघत होती.

मग "पानी लांब हाय, रान खडकाळ हाय, होडी न्यायला ट्रॉली लागंल," असं आधीच सांगून शोभाताईंनी वरची जागा दाखवली. मुरमाड माळ, एक लिंबाचं झाड, पाणी दूर अर्ध्या मैलावर. मी टेप गुंडाळली. शब्द जिभेवर आलाच होता. "कळ..."

शोभाताई माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. मागून आबांचा आवाज आला.

"ऊस हितनं पार कारखान्याला जातोय ट्रॉलीतनं. तुमची होडी अर्धा मैल न्हाय जायाची? माझी ट्रॉली हाय की."

मी टेप गाडीत टाकली. जेवायला चिलापीचं झणझणीत कालवण आणि बाजरीची भाकरी होती. डोळ्यांतून पाणी काढत दोन भाकरी चेपल्या. निघताना सवयीने म्हणालो, "बरं, येतो."

"निघायचं येतो, का ऱ्हायाला यायचं येतो?" शोभाताईंनी विचारलं. मी नुसता हसलो आणि गाडी सुरू केली. पळपुटेपणाच तो.

संध्याकाळी घरी पोचलो. बायकोने विचारलं, "कशी आहे जागा?" पाण्यापासून लांब आहे, खडकाळ आहे, ट्रॉली लागेल, असं सांगत गेलो. सांगता सांगता लक्षात आलं की यातला प्रत्येक दोष मला त्या बाईने आधीच सांगितला होता. अठरा वर्षांच्या धंद्यात असं कुणी वागल्याचं मला आठवेना. मी फोन लावला.

"ताई, लेकीला सांगा, खोली घेऊ नको. राहायला येतोय."

 मग फोन कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज आला.

"साहेब, मी त्यांची लेक. आत्ताच घरी आले. आई रडतीया, जरा थांबा." मग तीच पुढे म्हणाली, "खोलीवाल्याला मी न्हाय म्हनून कळवते. पर शेड पक्की बांधायची बरं का. नटबोल्टाची नगं. ती एका दिवसात खोलून नेता येती, फिटर हाय म्हनून सांगते."