आदाला शिकवायची वाट

ओयिदिया चुलीशी बोलायच्या. चहात साखर घालायच्या, विसरायच्या, पुन्हा घालायच्या. चर्चला निघताना डोक्याचं फडकं तीनदा सोडून तीनदा बांधायच्या. दुपारी आदाला मांडीवर घेऊन तिच्या कानातली धूळ फुंकायच्या.

आदा म्हणजे त्यांची शेळी. आमच्याकडच्या शेळ्या गुडघ्याएवढ्याच, पोट मात्र मडक्यासारखं. थोरल्या लेकीला आम्ही आदा म्हणतो. ओयिदियांना लेक नव्हती.

मी न्सुक्काच्या विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन गावी परतले होते. नोकरी नव्हती. रोज त्यांच्या अंगणात जाऊन बसायचे.

त्यांचे दीर ओक्वुदिली येता-जाता डिवचायचे. "वहिनी, लेक उपवर झाली. कधी उजवताय?"

"तुमच्या हंडीत नाही देणार तिला, भाऊजी."

"मी कशाला मागू? तुम्ही गेलात की तुमच्याच जेवणावळीला लागेल."

ते हसत गेले. ओयिदिया हसल्या नाहीत. डॉक्टर काय म्हणाले होते, ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

शेळी कुणाची, हा वाद आमच्या गावात एकाच रीतीने सुटतो. तिला मोकळी सोडतात. ती आपणहून ज्या अंगणात जाईल, त्या घरची. ओढायचं नाही, हाक मारायची नाही.

"उझोमा, आदा तुझ्या अंगणात येईल," त्या म्हणाल्या. "मी शिकवते तिला."

"त्यापेक्षा मला लिहून द्या ना."

"कागद? कागद खाईल ती."

हार्मटनचे, वाळवंटाकडून धूळ आणणाऱ्या कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. धुळीत झाडं विरघळायची, सूर्य दुधासारखा पांढरा दिसायचा. संध्याकाळी ओयिदिया माझ्या अंगणाच्या वाटेवर कसाव्याच्या साली टाकत पुढे चालायच्या, आदा मागून. दोघी झोपेत चालल्यासारख्या. रोज चार पावलं पुढे. मग ओयिदिया उदालाच्या झाडामागे लपायच्या. आदा साली सोडून त्यांना शोधून काढायची.

"अगं कार्टे, मला नाही शोधायचं! पुढे जायचं!" असं ओरडून त्या तिला उचलून घ्यायच्या.

"असं उचललंत तर ती कशी शिकणार?"

"उद्यापासून नाही उचलणार."

गुरुवारी पहाटे ओयिदिया गेल्या. मी ओक्वुदिलींना सगळं सांगितलं. मग चार वडीलधाऱ्यांना बोलावून त्यांनीच आदाला सोडलं.

ती वाटेवरच्या जुन्या साली हुंगत निघाली. उदालाच्या झाडापाशी थांबली. झाडामागे गेली. बाहेर आली. पुन्हा मागे गेली.

"दोरी आणू का?" कुणीतरी विचारलं.

"थांब," ओक्वुदिली म्हणाले. "शोधू दे तिला."

आम्ही सगळे धुळीत उभे राहिलो. तिथून माझं अंगण दोन घरं पलीकडे. तेवढ्या वाटेवर साली टाकायच्या राहून गेल्या होत्या.