पाठीतले स्क्रू

न्हावा शेवाच्या बंदरात मी कंटेनर उचलणारी क्रेन चालवायचो. क्रेनची केबिन उंचावर टांगलेली असते आणि तिच्या तळाला काच असते. कंटेनर थेट पायांखाली, त्यामुळे सगळी पाळी पुढे वाकून त्या काचेतून खाली बघत काढावी लागते. गावची जमीन बंदरात गेली, त्या बदल्यात मला ही नोकरी मिळाली होती. काहीजण तिला नावं ठेवायचे, पण मला ती मनापासून आवडायची. हवेत झुलणारा कंटेनर ट्रेलरवर मी असा टेकवायचो की खालच्या ड्रायव्हरला धक्कासुद्धा लागू नये.

चाळिशी यायच्या आतच डावा पाय दुखायला लागला. कमरेतून निघालेली कळ थेट घोट्यापर्यंत जायची, जणू कुणी आतून तापलेली तार ओढतंय. पट्टा बांधला, वजनं लावून झोपलो, गोळ्या खाल्ल्या. शेवटी एमआरआय काढला. खालच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत होती.

पनवेलमधल्या ज्या सर्जनकडे गेलो, त्यांचं गावात मोठं नाव होतं. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, टेबलावरचा प्लास्टिकचा मणका उचलला आणि मला समजावलं. गादी काढायची, दोन मणके स्क्रू आणि रॉड घालून एकमेकांना जोडून टाकायचे.

माझ्या बायकोने विचारलं, "डॉक्टर, दुसरा काही उपाय?"

"ताई, कंबर खिळखिळी झालीय. पक्कं काम करून टाकू, म्हणजे पुन्हा बघायला नको."

पक्कं काम हे शब्द मला पटले. बंदरात आम्ही तेच बोलायचो.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, पायातली कळ गेली. हे मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढे तेच मला पुन्हा पुन्हा ऐकवलं गेलं. पण कंबर मात्र फळीसारखी झाली. खाली पडलेला रुमाल उचलायचा तर गुडघे टेकून बसावं लागे. क्रेनवर चढायला कंपनीच्या डॉक्टरांनी परवानगी नाकारली आणि मला गेटवर, येणाऱ्या ट्रेलरचे पास तपासायला बसवलं. दोन-तीन वर्षांत जोडलेल्या मणक्यांच्या वरचा मणका दुखायला लागला. खालचे हलत नाहीत, म्हणून सगळा भार त्याच्यावर. सर्जन म्हणाले, "असं होतं कधी कधी. फार झालं तर तोही जोडून घेऊ."

माझी धाकटी बहीण पनवेलमध्येच राहते, ब्लाउज शिवते. तिलाही पुढे तसंच झालं. तसाच पाय, तशीच कळ, एमआरआयवर गादीही तीच. मी तिला म्हणालो, माझ्याच सर्जनकडे जाऊ, ओळख आहे. ती मशिनवरून उठलीही नाही.

"दादा, रागावू नकोस. तुझं झालं ते मला नको."

इतकी वर्षं घरात मी वागतो कसा, बसतो कसा, उठताना भिंत कशी धरतो, हे तिने पाहिलं होतं. तिला सावध करण्यापुरता मी उपयोगी पडलो होतो.

तिने कुणाकुणाला विचारून नवी मुंबईतला एक डॉक्टर शोधला. तो पाठीला लहानसं भोक पाडून, दुर्बीण आत घालून फक्त नसेवर आलेला तुकडा काढायचा. स्क्रू नाही, रॉड नाही. मी सोबत गेलो. बाहेर बाकावर बसणंही मला जड जात होतं, म्हणून येरझाऱ्या घालत होतो. संध्याकाळी ती बाथरूमपर्यंत स्वतःच्या पायाने चालत गेली. दुसऱ्या दिवशी घरी. पाठीवर एवढीशी पट्टी.

"अरे, मी जागी होते! डॉक्टर मधेच विचारत होते, अंगठा हलवा, पाय कसा वाटतोय. आणि एकदम कळ थांबली, दादा. दिवा बंद करावा तशी!"

ती हसत होती. मीही हसलो. आत काय झालं ते सांगून उपयोग नाही.

तिच्या तपासणीच्या वेळी मी माझ्या जुन्या फिल्म सोबत नेल्या. त्या डॉक्टरने निवांत पाहिल्या आणि विचारलं, "वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे कुठे आहेत?"

"तसे काढलेच नव्हते."

"मणके जागेवरून हलतात का, ते त्यात कळतं. हलत असतील तर जोडावेच लागतात." त्याने फिल्म पाकिटात सरकवल्या. "न बघता मी काही म्हणणार नाही."

तो सभ्य माणूस होता. त्याने दुसऱ्या डॉक्टरला वाईट म्हटलं नाही, आणि त्या सभ्यपणाचाच मला जास्त राग आला.

मी माझ्या सर्जनकडे गेलो. त्यांचे केस पांढरे झाले होते, नाव अजून मोठं झालं होतं. सरळ विचारलं, "माझं ऑपरेशन केलंत तेव्हा दुर्बिणीतून होत नव्हतं का?"

"मुंबईत एक-दोघं करायचे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला. "मला जे येतं ते मी सांगितलं. पाय दुखायचा थांबला ना तुमचा?"

थांबला होता. मी टेबलाला धरून उठलो. बाहेर खुर्च्यांवर पाय चोळत बसलेली माणसं होती. त्यांना काहीतरी सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार? मी डॉक्टर नाही. मी निघून आलो.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता बोलून काय व्हनार हाय?" तिचं खरं होतं, म्हणून मी तिच्याशीही दोन दिवस बोललो नाही.

बहीण आता दिवसभर मशिनवर बसते. मध्यंतरी मुलांना घेऊन कर्नाळ्याचा किल्ला चढून आली. ते मला तिच्या मुलीकडून कळलं, तिने स्वतः सांगितलं नाही. माझ्या घरी आली की उठताना कमरेवर हात ठेवते, तोंड वाकडं करते आणि म्हणते, "आज माझीही फार भरून आलीय रे."

काही भरून आलेली नसते. मला कळतं. तिलाही कळतं की मला कळतं. मी म्हणतो, "शेक घे," आणि ती मान हलवते.