टिंब दिसलं की तोडायचं नाही

चिकपेटच्या गल्लीत साड्यांचं दुकान चालवणाऱ्या विठोजींची लेक रक्षिता हट्टी, हे नातलगांत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिसात ते कळायला कोडमधलं एक फंक्शन पुरलं.

काम दिसायला चिमूटभर. डेटाबेसमध्ये टेबलाचं पूर्ण नाव सांगायचं तर आधी विभाग, मग टिंब, मग टेबल. त्या नावाचे भाग वेगळे करून द्यायचे, एवढंच. पुण्याहून आलेला तिचा मॅनेजर अभिमन्यू म्हणाला, टिंब दिसलं की तोड आणि संध्याकाळपर्यंत संपव.

पण गिऱ्हाईक होसकोट्याचा कारखाना. तिथली रीत अशी, की यंत्र ज्याने पहिल्यांदा चालवलं त्याचंच नाव त्या यंत्राच्या टेबलाला द्यायचं, तेही आद्याक्षरासकट. ‘एन.कल्लाप्पा’. टिंब दिसलं की तोडलं, तर एन हा विभाग होतो आणि कल्लाप्पा उघड्यावर पडतो. म्हणून रक्षिताने ठरवलं, टेबलाचं नाव अवतरणचिन्हांत घालायचं; आतलं टिंब नावाचं, त्याला हात लावायचा नाही. विभाग न सांगता अर्धंच नाव दिलं आणि ते दोन विभागांत सापडलं, तर अंदाज न बांधता थांबायचं. याच फंक्शनच्या भरवशावर पुढे जुन्या नोंदी पुसल्या जाणार होत्या. भलतंच टेबल पुसलं की कारखान्याचं कामच बुडालं.

अभिमन्यूला ही नसती उठाठेव वाटली. कारखान्यालाच नावं बदलायला लावू, म्हणाला, नावात टिंबं ठेवतं कोण? रक्षिताचं डोकं फिरलं. या कानडी गावात वडिलांचं अक्षर आणि टिंब लावल्याशिवाय शाळेत हजेरीसुद्धा लागत नाही. तिची लागली नव्हती.

"आपल्याला कंटाळा आला म्हणून कल्लाप्पांनी नाव बदलायचं?" ती म्हणाली. "मी नाही करणार सर."

मग त्याने स्वतःच चार ओळी खरडल्या आणि कोड दुसऱ्या कुणीतरी मंजूर करावा लागे, म्हणून तिच्याकडे पाठवल्या. तिने परत केल्या. पुन्हा आल्या, पुन्हा परत. बढतीचा विचार कर, असं त्याने हसत हसत सुचवलं. बढती गेली चुलीत, असं ती मनात म्हणाली आणि आपलं फंक्शन पुरं केलं.

होसकोट्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या गंगव्वा मूळच्या निपाणीकडच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच चाले. व्हिडिओ कॉलवर अभिमन्यूने त्यांना मधाळ आवाजात सांगितलं, नावांतली टिंबं काढून टाकलीत तर बरं. गंगव्वांचा चेहरा उतरला.

"काढू नका अक्का," रक्षिता मध्येच बोलली. "माझं फंक्शन तयार आहे. दाखवते."

तिने विभागासकट पूर्ण नाव टाकलं. विभाग वेगळा झाला, कल्लाप्पा अखंड राहिले. मग गंगव्वांनी नुसतंच कल्लाप्पांचं नाव टाकायला सांगितलं. कल्लाप्पांनी लेथ विभागातलं यंत्रही पहिल्यांदा चालवलं होतं आणि प्रेस विभागातलंही, हे गंगव्वांना माहीत होतं. पडद्यावर लाल ओळ आली: दोन सापडली, विभाग सांगा.

"बघा, फेल झालं," अभिमन्यू म्हणाला.

"फेल नाही झालं सर. ते नाही म्हणालं."

"हेच बसवा," गंगव्वा म्हणाल्या. "न विचारता हात घालणारं नको आम्हाला."

बढती अभिमन्यूने रोखलीच. घरी विठोजींनी ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं, पुढच्या खेपेला स्वल्प नमतं घेशील का?

"नाही अण्णा," रक्षिता म्हणाली आणि ताट ओढून जेवायला बसली.