ह्यांची तब्येत उतरली तेव्हा

आमच्याकडे जाड माणसाला कोणी जाड म्हणत नसे. तब्येत चांगली आहे, म्हणत. भिवापूरचे माझे मामा मुलगा पाहून आले तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं होतं: गांधीबागेत घरचं कापडाचं दुकान आहे आणि मुलाची तब्येत चांगली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हे दिवसभर दुकानात गादीवर मांडी घालून बसत. ठाणं उलगडायला नोकर होते. दुपारी घरून डबा जाई आणि संध्याकाळी गिऱ्हाइकासोबत काहीतरी तळलेलं मागवलं जाई. लग्नाला दहा-बारा वर्षं होईपर्यंत ह्यांना मांडी घालता येईनाशी झाली. लोडाला टेकून, पाय लांब करून बसणं सुरू झालं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. व्यापारी भरलेला दिसला की धंदाही भरलेला वाटतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही मुलीला घेऊन रामटेकला गेलो. गडाच्या पायऱ्या चढता चढता हे मध्येच थांबले आणि कठड्यावर बसले. ओठ पांढरे पडले होते, सदरा पाठीला चिकटला होता. मुलगी वर पोचून हाका मारत होती. "तुम्ही या जाऊन," म्हणाले, "मी इथूनच हात जोडतो." मी त्यांना सोडून गेले नाही. मुलीला खाली बोलावलं आणि दर्शन न घेताच आम्ही परतलो.

महाल भागातल्या आमच्या डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं, छाती तपासली. अजून काही बिघडलेलं नाही पण वजन उतरवा, म्हणाले. रोज थोडं चाला, भात आणि तळलेलं कमी करा, घाई करू नका. ह्यांना वाटलं होतं एखादी बाटली किंवा गोळ्या मिळतील. बाहेर आल्यावर म्हणाले, एवढं सांगायचे पैसे घेतात हे लोक.

त्याच आठवड्यात आम्ही सीताबर्डीला एक हिंदी पिक्चर पाहिला. त्यातल्या जाड्या हिरोला सगळे हसतात, पोरीचा बाप त्याला घरातून हाकलून देतो. मग एक गाणं लागतं. हिरो डोंगरावर धावतो, कच्ची अंडी पितो, दोरीवर चढतो. गाणं सुरू होतं तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या तुटत असतात आणि संपतं तेव्हा तो छाती उघडी टाकून उभा असतो. आधीचं पोट उशी बांधून केलेलं होतं, मला खुर्चीतून दिसत होतं. हे मात्र अगदी टक लावून पाहत होते. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना कॅनव्हासचे पांढरे जोडे घेऊन आले.

सकाळी कस्तुरचंद पार्कवर जातो म्हणून निघाले आणि तासाभराने सायकल रिक्षातून परत आले. रिक्षावाल्याने त्यांना हाताला धरून आत आणलं. धावायला गेले होते. पार्कचा एक फेराही पुरा झाला नव्हता. ओकारी झाली, गुडघा सुजला, मांड्या इतक्या आखडल्या की चार दिवस दुकान बंद राहिलं. गुडघा बरा झाला तसं त्यांनी जेवण सोडलं. सकाळी लिंबाचं पाणी, दुपारी दोन केळी, रात्री काही नाही. दुकानात नोकरांवर ओरडायचे, घरी मुलीवर. सासूबाई देवापुढे बसून रडायच्या. पुढच्या रविवारी त्यांनीच मटणाचा झणझणीत रस्सा केला आणि मुलाला जबरदस्तीने पाटावर बसवलं. हे जेवायला लागले ते थांबेनात. भाकरीवर भाकरी, मग भात. मधेच हात ताटात तसाच राहिला आणि डोळे भरून आले.

"माह्याच्यानं नाही होत वं," मला म्हणाले. "त्या पिक्चरवाल्याचं गाण्यातच झालं सारं."

मी म्हटलं, "अहो, धावू नका न् उपाशीबी राहू नका. रोज सकाळी आपल्या शुक्रवारी तलावापर्यंत चला फक्त. मी येते संग."

आमच्या गल्लीत नवराबायको सकाळी सकाळी विनाकारण चालत निघण्याची रीत नव्हती. म्हणून हे हातात भाजीची थैली घेत. कोणी विचारलं तर भाजीला चाललो म्हणायचं. पहिल्या दिवशी तलाव दिसायच्या आधीच दम लागला आणि आम्ही एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो. मी सुरुवातीला दोन पावलं मागून चालायची. मग रस्ता मोकळा असला की बरोबरीने. लग्नाला इतकी वर्षं होऊन आम्ही दोघंच कधी बोललो नव्हतो. घरात सदा माणसं. चालताना हे बोलू लागले. नव्या कापडाच्या खळीचा वास त्यांना लहानपणापासून सोसत नसे, डोकं दुखायचं, हे मला तिथे कळलं. वडिलांना सांगायची हिंमत झाली नाही, म्हणाले, आणि मग वेळ गेली.

वजन काही उतरेना. मालाचे गठ्ठे सोडवायला हे वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात जात, तिथल्या काट्यावर उभे राहत. हमाल हसायचे. शेटजी, बिल्टी कुठची फाडू, कोणत्या गावचा माल म्हणून पावती करू, असं एकाने विचारलेलं ह्यांनीच मला हसत सांगितलं, पण त्या संध्याकाळी ते ताट अर्धवट ठेवून उठले. उन्हाळा गेला, पावसाळ्यात चालणं बुडालं, दिवाळीत जे थोडं उतरलं होतं ते परत आलं. पुन्हा सुरुवात. भात अर्धा केला, तळलेलं सणावारी ठेवलं. वर्ष उलटून गेल्यावर काटा पाच-सहा किलो खाली आला. एवढ्या मोठ्या अंगातून तेवढं गेलेलं कोणाला दिसणार? ज्यांना दिसलं त्यांनी विचारलं, शेट, बरं नाही का, साखर तर नाही निघाली? सासूबाई वरणावर तूप वाढून ठेवत. पण एका सकाळी हे गादीवर मांडी घालून बसले आणि तसेच बसून राहिले. दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा माझ्याकडे पाहून त्यांनी हळूच गुडघ्यावर हात ठेवला. मला समजलं.

त्यानंतरच्या वर्षी होळीच्या सुमारास वजन भराभर उतरू लागलं. आधी कॉलर सैल झाली, मग पायजम्याची नाडी एका मोठ्या गाठीने बांधावी लागे. मी सदरे आत घेतले, महिन्याभरात पुन्हा आत घ्यावे लागले. गाल उतरले, हनुवटी दिसू लागली. लग्नातल्या फोटोपेक्षाही बारीक दिसायला लागले. आता मात्र साऱ्यांना दिसलं. शेजारच्या बायका मला विचारायच्या, काय खायला देतेस वं? मी अभिमानाने सांगायची, अर्धा भात, रोजचं चालणं. आमचे कष्ट एकदम फळाला आले असंच मला वाटलं. हेही आरशासमोर उभे राहायचे. एकदा म्हणाले, "झालं ना आता पिक्चरसारखं?" मी हसले.

चालणं तर उलट कमी होत चाललं होतं. अर्ध्या रस्त्यातूनच परत फिरू म्हणायचे. मी म्हणायची, उन्हाचं असेल. जेवण जात नसे, दोन घासांत पोट भरायचं. मला वाटलं, सवय झाली कमी खायची. प्रेशर दाखवायला म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मी कौतुकाची वाट पाहत होते. डॉक्टर ह्यांच्याकडे पाहतच राहिले.

"चालणं वाढवलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही जी, कमीच झालं," हे म्हणाले.

"मुद्दाम कमी खाता?"

"खाल्लंच जात नाही."

डॉक्टरांनी त्यांना निजवून पोट दाबून पाहिलं, बराच वेळ एकाच जागी. मग चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या, पोट उघडलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. गाठ पसरली होती. मला बाहेरच्या बाकावर बसवून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांना सांगायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं. तीन-चार दिवसांनी ह्यांनीच मला म्हटलं, मुलीला दुकानात बसवू नको, तिला शिकू दे. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

टाके सुकल्यावर एका सकाळी म्हणाले, तलावापर्यंत जाऊ. रिक्षा करू का, मी विचारलं. नको म्हणाले. आम्ही निघालो. दर थोड्या अंतराने थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तसा हात त्यांनी रस्त्यात कधी ठेवला नव्हता. तलाव गाठला नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्याच्या बाकावर बसलो. तेवढ्यात गांधीबागेतला एक दुकानदार सायकलवरून जाताना थांबला. तो बरेच महिने बाहेरगावी होता, त्याला काही माहीत नव्हतं. स्वतः चांगला लठ्ठ होता.

"अरे वा शेट," तो म्हणाला, "कमाल केली गा. कसं उतरवलं एवढं? आम्हालेबी सांग."

मी काही बोलणार तोच ह्यांनी माझा हात दाबला.

"काही नाही गा," हे म्हणाले. "रोज थोडं थोडं चाललो. घाई नाही केली. तूबी चालत जा."

तो खूश होऊन गेला. हे त्याच्या सायकलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोटं नाही बोललो मी. पहिले पाच-सहा किलो तसेच गेले होते."

संत्र्यांचा हंगाम सुरू झाला होता तेव्हा ते गेले. न्यायला चार माणसंही जास्त झाली, असं कोणीतरी दारात म्हणालं. वर्षभर मी घराबाहेर पडले नाही. तशी रीतच होती. पुढे मलाच साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. विधवा बाई एकटी पहाटे कुठे जाते, असं गल्लीत बोलत. सासूबाईंनी मात्र एकदाही अडवलं नाही, दार आतून उघडून द्यायच्या. माझं वजन फारसं कधी उतरलं नाही. थोडं कमी व्हायचं, थोडं वाढायचं. ज्या महिन्यात एकदम किलो-दोन किलो कमी भरे, त्या महिन्यात मला झोप येत नसे.