गुलाबी फीत देवाच्या गळ्यात

अक्का गेल्याची तार आली तेव्हा मी साताऱ्याच्या आमच्या शाळेत खुर्चीवर उभा राहून आठवीच्या मुलांना रागवायचं कसं ते शिकवत होतो. पंधरा ऑगस्टला एक नाटुकलं करायचं होतं आणि आमचा सेनापती इतका गोड रागवायचा की शत्रूनं त्याला जवळ घेऊन खाऊ दिला असता. "पोटातून काढ आवाज, पोटातून!" असं मी गर्जत होतो, तेवढ्यात शिपाई दारात येऊन उभा राहिला. तारेत लिहिलं होतं, इंदू वारली, या. मी खुर्चीवरून उतरलो, आणि मुलांना वाटलं की हासुद्धा अभिनयच चाललाय... दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

इंदूअक्का माझी थोरली मावसबहीण. मूळची पाटणची. तिच्या घरातले सगळे पुरुष फौजेत गेले आणि घरचा दारूगोळा तेवढा अक्काकडे राहिला. गणितात पदवी घेऊन ती मुंबईला गेली, तिथं एका मोठ्या संस्थेत संगणकावर काम करू लागली. लग्न केलं नाही. आमच्या मावशीनं एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "आई, मला राग आला की समोरचं यंत्रसुद्धा बंद पडतं. नवऱ्याचं काय व्हईल?" शिकलेली अक्का एरवी पुस्तकातलं मराठी बोलायची, पण राग आला की थेट पाटणच्या बाजारात उतरायची. आम्ही भावंडं तिच्या बोलीवरूनच हवामान ओळखायचो. 'नाही'चं 'न्हाई' झालं की चपला शोधायच्या.

चार वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका तंत्रनिकेतनानं छोटा संगणक घेतला आणि अक्का तो सांभाळायला मुंबई सोडून आली. संस्थेचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी संपादक कापतील. तिथंच शोकसभा झाली. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. प्राचार्य उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इंदूताई म्हणजे मूर्तिमंत शांतता. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." मी दचकून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेत तर येऊन बसलो नाही ना? फोटो अक्काचाच होता, आणि तोसुद्धा प्राचार्यांकडे बघून भडकल्यासारखा दिसत होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात हे ऐकून होतो. मेलेल्या बाईचा राग पुसून टाकणारे असतात हे त्या दिवशी पाहिलं. या लेखात मला तो राग तिला परत द्यायचा आहे. आणि थोडा माझाही आहे.

ती रागवायची कशावर, हे सांगायचं तर यंत्राबद्दल चार शब्द सांगावे लागतील. भिऊ नका, मलाही ते तिनंच लग्नाच्या भाषेत समजावलं होतं. संगणक हे एक मंगल कार्यालय आहे असं समजा. त्यात एक कारभारी लागतो. हा कारभारी माणूस नव्हे, तोही एक प्रोग्रॅमच, आणि कंपनी तो यंत्राबरोबर कागदी फितीवर भोकं पाडून देते. फीत यंत्रात सोडली की कारभारी कामाला लागतो. कुठल्या कामाला कुठली खोली, म्हणजे यंत्राच्या स्मरणातली जागा, द्यायची, कधी परत घ्यायची, छपाई कुणाची आधी, हे सगळं तो बघतो. हा कारभारी अनेक तुकड्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर यादी असते, मला कुणाकुणाची मदत लागते त्याची. म्हणजे आवतणंच म्हणा. तर कंपनीच्या शहाण्यांनी काय केलं होतं? प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर सगळ्यांनाच आवतण. लागो न लागो. एकाला बोलवावं तर तो आपली सगळी भावकी घेऊन यायचा, त्या भावकीतला प्रत्येक जण आपापली भावकी. एक ओळ बदलायची तर सगळा गोतावळा पुन्हा पंगतीला बसवावा लागे, म्हणजे दिवसभर फिती खडखडत राहायच्या.

खोल्यांचा कारभार तर याहून दिव्य. वऱ्हाडी खोलीची किल्ली घेऊन जायचे, काम झालं की किल्लीसकट आपल्या गावी. दुपारपर्यंत कार्यालय रिकामं, पण कारभाऱ्याच्या लेखी सगळ्या खोल्या भरलेल्या. मग यंत्र अडकायचं. कधी उलटंच व्हायचं. एकाच खोलीची किल्ली वधूकडचा मामाही परत करायचा आणि वराकडचाही. कारभारी म्हणायचा, अरे वा, दोन खोल्या मोकळ्या झाल्या! आणि तीच खोली दोन लग्नांना द्यायचा. "मग?" मी विचारलं. "मग काय," अक्का म्हणाली, "एकाच बोहल्यावर दोन नवऱ्या उभ्या. अक्षता कुणाच्या डोक्यावर पडतील ते भटाला न्हाई ठाऊक."

'न्हाई' ऐकून मी चपला शोधायला लागलो.

हे सगळं तिनं साफ करायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. प्राचार्यांचं म्हणणं, कंपनीनं दिलंय ते चालवा, अडकलं की बंद करून पुन्हा सुरू करा. अक्का एकेका तुकड्याचं डोकं तपासत बसली. नको त्याचं आवतण रद्द करायचं, खरंच लागतं तेवढंच ठेवायचं. त्यात एकदा गंमत झाली. संस्थेचे विश्वस्त यंत्र बघायला आले, त्यांच्यासमोर सहामाहीचे निकाल छापायचे होते आणि छपाईच होईना. तिनं आदल्या दिवशी एका तुकड्याची भावकी छाटली होती, आणि कळलं ते असं की छपाईच्या तुकड्यानं स्वतः आचाऱ्याला, म्हणजे त्याला लागणाऱ्या तुकड्याला, बोलावलंच नव्हतं. दुसऱ्याच्या भावकीतून आलेल्या आचाऱ्यावर तो इतके दिवस जेवत होता. प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले, "बघा, चालत्या गाडीला खीळ घातलीत!" अक्कानं विश्वस्तांकडे वळून सांगितलं, "गाडी चालत न्हवती. उतार होता म्हणून घरंगळत होती. आज कळलं ते बरं झालं." आणि त्यांच्यासमोर तिथंच बसून छपाईच्या तुकड्याला दम दिला, जणू तो कॉलेजातला पोरगाच होता, "तुला जे लागतंय ते सोताच्या तोंडानं माग. शेजाऱ्याच्या ताटातलं खाऊ नगंस." ही मूर्तिमंत शांतता.

तिच्याबरोबर प्रयोगशाळेत निदेशक म्हणून सुमन नावाची इस्लामपूरची एक बाई होती, दोन लेकरांची आई. रोज एसटीनं यायची. बोलायची इतकं हळू की तिचं बोलणं ऐकायला पंखा बंद करावा लागे. अक्का तिच्यावरही ओरडायची. मी एकदा विचारलं, "तुम्हाला वाईट वाटत नाही का हो?" सुमन म्हणाली, "मास्तर, त्या चुकीवर ओरडतात. घरी माझ्यावर ओरडतात. फरक असतो." गेल्या उन्हाळ्यात काम पुरं झालं. यंत्र दिवसचे दिवस अडकेनासं झालं. अक्कानं प्रत्येक तुकडा वेगळ्या छोट्या फितीवर काढला, सुरुवातीला पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि फिती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. नकलेचा एक संच तिनं कंपनीला पाठवला, तुमचंच सुधारलंय, वापरा म्हणून. कंपनीनं पोचसुद्धा दिली नाही. दुसरी नक्कल काढायला फीत मागितली तर प्राचार्य म्हणाले, "फितीला पैसे पडतात, इंदूताई." श्रावणात अक्का प्रयोगशाळेतून घरी गेली, दुपारी छातीत दुखलं, आणि...

असो.

गौरी-गणपती झाल्यावर मी तिचं सामान आणायला सांगलीला गेलो. सुमन फाटकाशीच भेटली. रडून डोळे सुजले होते. कंपनीचा माणूस येऊन गेला होता. करारात आमचाच कारभारी चालवायचा असं आहे म्हणत त्यानं जुनी फीत पुन्हा चढवली होती. सुमन लेकराच्या तापामुळं आठवडाभर घरी होती, आणि ती परत आली तेव्हा डबा रिकामा होता. "कुठं गेल्या फिती?" मी विचारलं. तिनं मला सभागृहात नेलं.

कॉलेजचा गणपती आदल्या दिवशी गौरींबरोबर विसर्जित झाला होता. आरास तशीच होती. मखरावर, खिडक्यांवर, दारांवर, ज्या झिरमिळ्या लटकत होत्या त्या माझ्या बहिणीची चार वर्षं होत्या. भोकांतून ऊन पडून जमिनीवर टिपके नाचत होते. दिसत सुंदर होतं, हेच तर संतापजनक होतं! वीस वर्षं शाळेच्या गॅदरिंगात मी खलनायक करतोय, पण त्या दिवशी माझ्या पोटातून जो आवाज निघाला तसा रंगमंचावर कधी निघाला नाही. प्राचार्य धावत आले. म्हणाले, "अहो, प्रयोगशाळा आवरायला सांगितली होती, पोरांनी टाकाऊ समजून घेतल्या. जुन्या फिती त्या." मी टेबलावर चढलो होतो. का चढलो ते आठवत नाही. सुमननं तोवर नावं वाचत एक फेरी मारली होती. तिनं विचारलं, "सर, यात गुलाबी फीत नाही. गुलाबी कुठंय?"

पांढरा कागद संपला म्हणून अक्कानं एक तुकडा शिल्लक गुलाबी कागदावर काढला होता. नेमका खोल्या देण्या-घेण्याचा, तिच्या सगळ्या कामाचा प्राण. प्राचार्यांचा चेहरा उजळला. "ती होय! ती सगळ्यात सुरेख म्हणून मूर्तीच्या गळ्यात घातली होती. कृष्णामाईत गेली. देवाच्या गळ्यात गेली हो, वाईट काय झालं?"

वाचकहो, माझा देवावर विश्वास आहे. त्या क्षणी देवानंच मला टेबलावरून उडी मारू दिली नाही, असं मी मानतो. पण तोंड मोकळं होतं. मी देवाला काय बोललो, प्राचार्यांना काय बोललो, आणि कृष्णेला काय बोललो, ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही. भान आलं ते खालून आलेल्या आवाजानं. "मास्तर, वरडायचं थांबवा आणि शिडी धरा."

सुमन बोलली होती. पंखा चालू असून ऐकू आलं.

आम्ही झिरमिळ्या उतरवल्या. काही फाटल्या होत्या, काहींना खळ लागली होती. मला वाटलं, संपलं सगळं. इतक्या चिंध्यांतून काय उभं राहणार? सुमननं प्रयोगशाळेचं दार आतून लावलं आणि एकेक फीत यंत्राला द्यायला सुरुवात केली. बाहेरून प्राचार्य कराराची आठवण देत राहिले. "करार कंपनीचा हाय सर, दार माझ्या किल्लीचं हाय," ती आतून म्हणाली. आणि मग ते झालं, जे मला अजून सांगता येत नाही नीट. कंपनीच्या कारभाऱ्यातली एक फीत गेली असती तर सगळंच कोसळलं असतं, कारण तिथं प्रत्येक जण प्रत्येकाच्या खांद्यावर उभा होता. अक्काचा प्रत्येक तुकडा मात्र आपल्या पायावर उभा होता. धड असलेली फीत यंत्रानं घेतली, फाटलेली तेवढी नाकारली. फाटलेल्या सुमननं भोकं जुळवून चिकटवल्या. संध्याकाळपर्यंत सगळे आत आले होते, गुलाबीची जागा सोडून.

"ती आता मिळायची नाही," मी म्हणालो.

"कंपनी आपली नक्कल परत देणार न्हाई. लिहावी लागंल."

"तुम्हाला येईल अक्कासारखी?"

"अक्कांसारखी कशाला? कोण केवढी जागा मागतंय आणि कवा परत करतंय, ते त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर लिवून ठेवलंय. तेवढ्यावर भागतंय का बघते."

पंधरवडा गेला. गुलाबीवाचून अक्काच्या फिती चालणार नव्हत्या, म्हणून यंत्र कंपनीच्याच फितीवर होतं आणि रोज अडकत होतं. शेवटी ऐन निकालाच्या दिवशी प्राचार्य स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. सुमननं अक्काच्या फिती चढवल्या, मधे स्वतःची एक. निकाल छापले गेले. मी त्या दिवशी पुन्हा आलो होतो, शेजारीच होतो. मी तिला हळूच विचारलं, "बाकीच्या तुकड्यांना कळलं का हो, मधली आपली नाही म्हणून?"

"न्हाई," ती म्हणाली. "अक्कांनी तशीच सोय केली होती. कुणी बी गेलं तरी अडू नये."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. मला खरा राग तेव्हा आला. तो प्राचार्यांवर नव्हता, कंपनीवर नव्हता. माणूस जातं तेव्हा घरातलं काहीतरी अडावं, निदान आठवडाभर तरी अडावं, असं आपल्याला वाटतं. या बाईनं चार वर्षं खपून तेवढीही जागा ठेवली नव्हती.

आता शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी सांगलीची गाडी धरतो. सुमन एक खुर्ची पुढं सरकवते आणि कामाला लागते, माझ्याकडे बघतही नाही. मी यंत्रासमोर बसून राहतो. दिवे लुकलुकतात, एक काम आत येतं, जागा घेतं, जागा परत करतं, निघून जातं... दुसरं येतं. मी वाट बघत असतो. एकदा अडकावं, एकदाच, म्हणजे मला उठून पोटातून ओरडता येईल. संध्याकाळी शिपाई येतो, म्हणतो, "मास्तर, गाडी जाईल तुमची." यंत्र चालूच असतं.